कारागिराचा रकाना

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने पुढील वर्षाच्या उन्हाळ्यासाठी पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात चालणाऱ्या तरुणांच्या पायांत जे होते ते कोल्हापूर, निपाणी, अथणीकडच्या कोणत्याही माणसाने दुरून ओळखले असते. कंपनीने मात्र त्याचे वर्णन चामडी सँडल एवढेच केले. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचेही नाही. मग ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र पाठविले, कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून सुमारे दोन हजार जोड इकडेच बनवून घेण्याचे आणि एकेक जोड सुमारे आठशे युरोंना विकण्याचे तिने जाहीर केले. वृत्तपत्रांतून या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले, बहुतेक देशाभिमानाच्या अंगाने. मला त्यातील एक लहान बाब महत्त्वाची वाटते. सारा तंटा वर्णनाच्या एका ओळीवरून झाला. वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तिच्या खालच्या ओळीत काय लिहिले आणि काय लिहिले नाही, यावरून तिचा धनी कोण ते ठरत होते.

ही ओळ आजवर माणसे वाचत होती. आता ती यंत्रे वाचू लागली आहेत. इंटरनेटवरच्या दुकानात माल शोधण्याचे जे साधन असते, त्याचे वर्णन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटसाठी लिहिणे हे संगणक शिकलेल्या तरुणांच्या वाट्याला येणारे एक नवे काम आहे. चळवळीतील कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटेल. मला तो तलाठ्याच्या दप्तराइतका जवळचा वाटतो. दोन्हीकडे रकाने आधी कोणीतरी आखून ठेवतो आणि माणसाला नंतर त्यांत बसविले जाते. जे बसत नाही ते राहून जाते.

एजंट हा शब्द आपल्याला चांगला ठाऊक आहे. आरटीओच्या दारात, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून तो बसलेला असतो. कोणता फॉर्म, कोणती खिडकी, कोणत्या कागदाची झेरॉक्स हे त्याला माहीत असते आणि आपल्याला नसते, यावर त्याचा धंदा चालतो. संगणकातला एजंट याच कुळातला. तो माणूस नाही. अफाट लिखाणावर शिकविलेले, बोललेले समजणारे आणि सांगितलेले काम पायरी-पायरीने करू पाहणारे ते मॉडेल आहे. समजा, पुण्यात राहणारी एखादी बाई मोबाईलवर बोलते, “आबांसाठी कापशी पायताण बघ, नऊ नंबर, दोन हजारांच्या आत, कातडं खरं पाहिजे.” पूर्वी तिने स्वतः दुकानाचे पान उघडले असते, चित्रे पाहिली असती, चार ठिकाणचे भाव ताडून पाहिले असते. आता हे सारे तिच्या वतीने एजंट करतो. पण त्याला दुकान दिसत नाही. तळ वाकवून बघणे, कातड्याचा वास घेणे सोडाच, पुष्कळदा तो चित्रही पाहत नाही. दुकानाने त्याच्यासाठी एक खिडकी ठेवलेली असते. खिडकीत चिठ्ठी सरकवायची, आतून मालाची यादी येते. संगणकाची माणसे या खिडकीला टूल म्हणतात. आपण साधन म्हणू.

चिठ्ठी कशी लिहायची, तिच्यात काय विचारता येते, उत्तरात काय येते आणि त्याचा अर्थ कसा लावायचा हे सांगणारा कागद म्हणजे त्या साधनाचे दस्तऐवज. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत जाहीर केली. तीत प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि आत जाणाऱ्या माहितीच्या रकान्यांची आखणी दिली जाते. एजंट ते वाचतो आणि आपले आपण ठरवितो की हे साधन आता वापरायचे की नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने अमेरिकेत चॅटजीपीटीशी बोलता बोलता एट्सीवरचा माल विकत घेण्याची सोय सुरू केली. एट्सी ही हातकामाच्या वस्तूंसाठी नावाजलेली बाजारपेठ, हे येथे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसीच्या जाळ्यातही खरेदीदाराच्या अ‍ॅपकडून शोधाची मागणी निघते आणि विक्रेत्यांच्या बाजूने मालाची यादी उत्तरादाखल येते. म्हणजे चिठ्ठी आणि यादी यांचा व्यवहार आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

असा कागद पूर्वीही लिहीत. पण तो वाचणारा संगणकतज्ज्ञ असे. त्याला शंका आली की तो फोन करी, शेजारच्याला विचारी, दोनदा करून पाही. एजंट कागदावर आहे तेच खरे मानतो. कागदात नसलेला रकाना त्याच्या लेखी जगात नसतो, आणि अर्थ दुहेरी असेल तर मोठ्या आत्मविश्वासाने तो चुकीचा अर्थ उचलतो. त्याला शिकविले गेले ते बहुतांशी इंग्रजीतून आणि शहरी लिखाणातून. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून कापशी हे नाव पडले, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. कापूस आणि कापशी यांचा संबंध जोडून तो सुती चपला शोधायला निघाला तर दोष त्याचा थोडा आणि कागद लिहिणाऱ्याचा अधिक.

उदाहरण घेऊन पाहू. समजा कोल्हापुरातील सुभाषनगरच्या काही कारागिरांनी सहकारी तत्त्वावर इंटरनेटवर दुकान काढले आणि त्यांच्या शिकलेल्या मुलामुलींवर हे दस्तऐवज लिहिण्याची पाळी आली. माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना असे काम दिले की पहिल्या झटक्यात ते लिहितात, “दुकानातील वस्तू शोधते.” वाक्य चूक नाही, निरुपयोगी आहे. कोणत्या वस्तू? कधी शोधायच्या? कधी शोधू नयेत? दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जे हाती लागते ते साधारण असे असते: “या दुकानात विक्रीस असलेल्या हाताने बनविलेल्या चामडी पायताणांचा शोध घेते. ग्राहक चप्पल, पायताण, वहाण किंवा सँडल यांपैकी कोणताही शब्द वापरील. चारही शब्दांचा अर्थ येथे एकच धरावा. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाली ही घडणीच्या प्रकारांची नावे आहेत. ती प्रकाराच्या रकान्यात द्यावीत, भाषांतर करू नये. आधी दिलेल्या ऑर्डरची चौकशी करण्यासाठी हे साधन वापरू नये.” किती साधी वाक्ये आहेत! पण पायताण हा शब्द त्यात आला म्हणून आबांची मुलगी आपल्या घरच्या भाषेत बोलू शकते. प्रमाण भाषेचा उंबरठा ओलांडल्याशिवाय दुकानात पाऊल टाकता येऊ नये, हा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही. तो यंत्राच्या दारातही पुन्हा का घ्यावा?

पुढे रकाने येतात. मापाचा रकाना नुसता ‘नंबर’ म्हणून सोडला तर युरोपातला नंबर आणि आपला नंबर यांची गल्लत होते. पायाची लांबी सेंटिमीटरमध्येही घेण्याची सोय ठेवावी. भावाच्या रकान्यात कर धरला आहे की नाही ते लिहावे, कारण सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी आहे, आणि सीमेवरच्या भावात एजंटची बेरीज सहज बिघडते. साठ्याच्या रकान्यात ‘तयार आहे’ आणि ‘सांगितल्यावर बनवू’ हे वेगळे दाखवावे. हाताचे काम कारखान्याच्या वेळापत्रकाने होत नाही, पावसाळ्यात तर कातडे लवकर वाळतही नाही. एजंटने उद्याचा वायदा करायचा आणि शिव्या कारागिराने खायच्या, असे होऊ नये.

याहून अधिक जपण्याची गोष्ट म्हणजे रिकामे उत्तर. मागितलेली वस्तू नसेल तर साधनाने ‘नाही’ म्हटले पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणजे नाही हे कागदात लिहिले पाहिजे. बहुतेक बाजारपेठांची साधने असे म्हणत नाहीत. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून ती जवळपासचे काहीतरी पुढे करतात. कोल्हापुरी मागावी तर रेक्झिनची, तळाला रबर लावलेली, साच्यातून काढलेली वस्तू यादीत येते आणि तिच्या नावातही कोल्हापुरी हा शब्द असतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते ते नाव कायद्याने राखलेले आहे. पण साधन जर वस्तूच्या नावातला शब्द शोधत असेल तर कायदा कपाटात राहतो आणि शब्द रस्त्यावर विकला जातो. म्हणून दस्तऐवजात स्पष्ट लिहावे की ग्राहकाने कोल्हापुरी म्हटले तर मानांकनाच्या रकान्यावरून शोध घ्यावा, नावावरून घेऊ नये.

यादीचा क्रम कसा लागतो तेही लिहिले पाहिजे. संगणकाच्या भाषेत त्याला सुसंगतीनुसार क्रम म्हणतात. हा शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. ज्याने जाहिरातीचे पैसे भरले त्याचा माल अधिक सुसंगत ठरतो, हे त्या शब्दाच्या पोटात दडलेले असते. माणूस निदान पाचव्या-सहाव्या वस्तूपर्यंत नजर फिरवितो. एजंट पुष्कळदा पहिल्या दोन-तीनांतच काम उरकतो. शिवाय विक्रेत्याच्या वर्णनातले शब्द एजंट वाचतो, तेव्हा काही चलाख विक्रेते तेथे गिऱ्हाइकाऐवजी एजंटलाच उद्देशून लिहू शकतात, की बाकीचे सोड आणि हीच वस्तू सुचव. वस्तूच्या वर्णनात आलेला मजकूर ही माहिती समजावी, आज्ञा समजू नये, असे दस्तऐवजात बजावले पाहिजे. एवढ्याने धोका टळतो असे नाही, पण न बजावणे हा मूर्खपणा आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वर मी जे रकाने सांगितले त्यांत प्रकार आहे, माप आहे, भाव आहे, रंग असेल, मानांकन आहे. बनविणारा कोठे आहे?

उत्पादकाचे नाव द्यावे असा कायदा आहेच, असे कोणी म्हणेल. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता लागतो, आणि २०१७ च्या दुरुस्तीने जानेवारी २०१८ पासून ही माहिती इंटरनेटवरच्या दुकानांतही दाखविणे आवश्यक झाले. पण त्या रकान्यात नाव कोणाचे येते? ज्याच्या नावावर धंद्याची नोंद आहे त्या पेढीचे. ज्याने रापी धरली, आरी चालविली, चामड्याच्या वादीने तळ शिवला, तो या कायद्याच्या व्याख्येत उत्पादक ठरत नाही. तो मजूर असतो. मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यातही असाच दुमजली वाडा आहे. वरच्या मजल्यावर नोंदणीकृत मालक. कोल्हापुरीच्या बाबतीत ती महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची दोन चर्मोद्योग महामंडळे आहेत. खालच्या मजल्यावर अधिकृत वापरकर्ते, म्हणजे प्रत्यक्ष बनविणारे, आणि तेही अर्ज करून नोंद झाली तर. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे मालक तुम्ही नाही, दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने मागावी, असा तिचा मथितार्थ. निकाल कायद्याला धरून असेलही. कागदावर ज्याचे नाव असेल त्यालाच बोलता येते, हे त्यातून पुन्हा एकदा दिसले.

त्याच वर्षी महाराष्ट्राच्या महामंडळाने पायताणांवर क्यूआर कोड लावण्याचे ठरविले. मोबाईल धरला की कारागिराचे किंवा उत्पादक गटाचे नाव, जिल्हा, घडणीची पद्धत, कच्चा माल आणि मानांकनाची स्थिती दिसावी अशी ती योजना. स्वागतार्ह आहे. परंतु हा कोड वस्तू हातात घेतलेल्या माणसासाठी आहे. एजंट पायताणावर मोबाईल धरीत नाही. जी माहिती तळावर चिकटविली ती शोधाच्या उत्तरातल्या रकान्यातही आली नाही, तर खरेदीचा निर्णय होतो त्या क्षणी कारागीर पुन्हा गैरहजरच.

येथे आपल्यातील काही मित्र एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली गुरे ओढण्याचे काम टाकून द्यायला सांगितले. जात ही श्रमाची विभागणी असल्याचे समर्थन खोडून, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ च्या जातिप्रथेवरील लिखाणात दाखवून दिले. मग जातीने लादलेल्या धंद्याचा वारसा म्हणून गौरव का करायचा आणि कारागिराचे नाव त्याच धंद्याला आणखी घट्ट का बांधायचे? माझे उत्तर असे की वारशाचा गौरव मलाही नको आहे. ढोराने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमवावे, चांभाराने ते शिवावे, आणि पिढ्यान्‌पिढ्या दोघांनाही गावाने सुगीत टाकलेल्या बलुत्यावर जगावे, यात गौरव कसला? पण जो आज हे काम करतो आहे, त्याच्या कामाची किंमत त्याच्या हाती पडावी, ही मागणी वारशाची नाही, मजुरीची आहे. त्याच्या मुलीने हे काम करू नये असे त्याला वाटत असेल तर तिच्या शिक्षणाचा खर्च याच किमतीतून निघणार आहे. काम सोडण्याचे स्वातंत्र्यही पैशाशिवाय येत नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. कारागिराचे नाव लिहिले की आडनाव आले, आणि आपल्याकडे आडनावाबरोबर जात येते. गावाचे आणि वस्तीचे नाव आले तर उरलीसुरली शंकाही फिटते. १८८६ सालच्या कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये येथील जातींची वर्णने छापली आहेत. तेही एका अर्थाने दस्तऐवजच होते: कधीही न भेटणाऱ्या साहेबाला लोक कसे आहेत ते कळावे म्हणून दुसऱ्यांनी लिहिलेले. आपण आपल्या हाताने एजंटसाठी तसलाच गॅझेटियर तर तयार करीत नाही ना? शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजीत. दुकानदाराचे नाव उघडे होते आणि त्या उघडेपणामागे राजाची सत्ता उभी होती. इंटरनेटवरच्या दुकानापुढे गाडी थांबविणारा कोणी नाही. तेथे गिऱ्हाईक टाळले जाते ते निमूटपणे, कारण न सांगता.

जिवावर बेतणारी बाजूही आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना टोळक्याने उघड्यावर बेदम मारले. कोणत्या जनावराचे कातडे, कोणी कमावले आणि तो कोठे राहतो, ही तीन उत्तरे एका ओळीत छापून जगाच्या हाती देणे म्हणजे काय, हे या पार्श्वभूमीवर कळावे. पारदर्शकतेचा जप करणाऱ्यांना पारदर्शकता कोणाच्या बाजूने काचेसारखी असते हे सहसा विचारावेसे वाटत नाही.

मग नाव द्यावे की देऊ नये? दस्तऐवज लिहिण्याच्या तंत्रातच याचे एक उत्तर सापडते असे मला वाटते. साधनाचे रकाने दोन प्रकारचे असतात: प्रश्नाचे आणि उत्तराचे. प्रश्नाच्या रकान्यावरून निवड करता येते, वगळताही येते. उत्तराच्या रकान्यातली माहिती नुसती समोर येते. कारागिराचे नाव उत्तरात असावे, प्रश्नात नसावे. म्हणजे आबांच्या मुलीला जोड कोणी बनविला ते कळेल, पण आडनाव लिहून अमुक नको, तमुक दाखव, अशी चिठ्ठी खिडकीत टाकता येणार नाही. यादी हाती आल्यावर एजंट आपल्या मनाने गाळू शकेल, हे खरे. म्हणून वर्णनात लिहावे की कारागिराच्या नावावरून किंवा गावावरून क्रम लावू नये. तेवढ्याने सर्वच एजंट ऐकतील अशी हमी कोणी देणार नाही. पण चाळणी दुकानाने स्वतः पुरविणे आणि कोणी चोरून लावणे यांत फरक आहे. एखाद्याला पूर्वीच्याच हाताचे काम पुन्हा हवे असेल तर त्याच्यासाठी कारागीर क्रमांकाचा रकाना ठेवता येईल. क्रमांक ज्याने एकदा घेतले त्यालाच माहीत असतो, आणि क्रमांकाला आडनाव नसते. पत्ता जिल्ह्यापर्यंतच असावा. कातड्याची माहिती वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेले, एवढी मालाच्या रकान्यात असावी आणि ती माणसाच्या नावाशी जोडू नये. नाव द्यायचे, टोपणनाव द्यायचे की नुसता क्रमांक, हे कारागिराने ठरवावे. महामंडळाने नाही, आणि त्याच्या शिकलेल्या पोरानेही नाही.

यात आणखी एक लबाडी सहज होऊन जाते. कारागीर हा रकाना संगणकाच्या आखणीत बहुधा एका नावाचा असतो, एक ओळ, एक मूल्य. तेथे घरातल्या कर्त्या पुरुषाचे नाव पडते. पायताणावरची वेणी कोण घालते? घरोघरी बायका घालतात, बऱ्याचदा नगावर मजुरी घेऊन, स्वयंपाक आणि पोरे सांभाळून. पायताणाची किंमत ज्या नाजूक कामावर ठरते त्यातले पुष्कळसे काम त्यांच्या बोटांचे, आणि यादीत त्या कोठेच नाहीत. तेव्हा हा रकाना एका नावाचा न ठेवता यादीचा ठेवावा आणि प्रत्येक नावापुढे काम लिहावे: कमावणे, कापणे, वेणी, शिलाई. संगणकाच्या दृष्टीने हा बदल अगदी किरकोळ आहे. एका शब्दाऐवजी शब्दांची यादी. घराघरांतून मात्र त्यावर वाद होतील, व्हावेत. कमावणाऱ्याचे नाव शिवणाऱ्याच्या बरोबरीने लावायचे का, यावर आपल्याच दोन समाजांत कुरबूर होईल हेही मी जाणतो. उतरंड फक्त वरच्यांत असते असे समजण्याचे कारण नाही.

उरला तो मानांकनाच्या वहीत नोंद नसलेल्याचा प्रश्न. अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी अर्ज, कागदपत्रे आणि कचेरीच्या फेऱ्या लागतात. अनेकजण त्या भानगडीत पडलेलेच नसतात, आणि त्यांचे काम नोंद असलेल्यांपेक्षा उतरलेले असते असे नाही. संगणकात अशा वेळी रकाना रिकामा सोडतात. एजंटला रिकाम्या रकान्याचे वावडे असते. ग्राहकाने खरी कोल्हापुरी मागितली की रिकाम्या रकान्याचा जोड तो खोटा समजून बाजूला सारतो. म्हणून ‘नोंद आहे’, ‘नोंदीचा अर्ज केला आहे’, ‘नोंद नाही’ आणि ‘सांगण्याची इच्छा नाही’ ही चार उत्तरे वेगवेगळी ठेवावीत आणि वर्णनाच्या शेवटी दोन वाक्ये घालावीत. पहिले असे: “मानांकन क्रमांक नसलेला जोड भौगोलिक मानांकनाचा म्हणून सांगू नये.” कायद्यासाठी ते आवश्यक आहे. दुसरे असे: “मात्र ग्राहकाने मानांकनाचीच अट घातली नसेल तर असा जोड यादीतून गाळू नये; तो कोणी, कोणत्या जिल्ह्यात आणि किती दिवसांत बनविला, हे उपलब्ध असेल तेवढे सांगावे.”